पाठमोरी गर्दी

मी एक जुना कर्णा आहे. जयपूरचे लोक मला भोंपू म्हणतात, शिकलेली माणसे लाउडस्पीकर म्हणतात, आणि ज्यांची झोप मी मोडली आहे ती माणसे मला काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखे नाही. माझा पत्रा आता काळवंडला आहे. कडेला एक मोठा पोचा आहे. आतला पडदा फाटल्यामुळे आवाज घोगरा झाला आहे. राजा पार्कातल्या एका मंडपवाल्याच्या गोदामात, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर मी पडून असतो.

आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आपल्या कामगिरीच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडेही तशा दोन-चार आहेत आणि त्या मी सांगणारच, कारण बढाई मारायची माझी खोड जुनी आहे. पण मित्रांनो, मला खरे तर माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. ती आठवली की मला अजून तोंड लपवावेसे वाटते. आणि माझी अडचण अशी की माझे सगळे अंग म्हणजे एक तोंडच आहे.

माझा जन्म दिल्लीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला गरगर फिरवून, दाबून, ठोकून त्यांनी मला आकार दिला. आमच्यापैकी काही जण देवळांवर गेले, काही निवडणुकीच्या जीपगाड्यांवर गेले. मला मात्र १९६९ सालच्या थंडीत एका मिशाळ माणसाने उचलले, घोंगडीत गुंडाळले आणि रेल्वेच्या डब्यात तो मला मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईने बाळ किती महिन्यांचे आहे म्हणून विचारले, तेव्हा त्याने घोंगडी बाजूला करून मला दाखवले आणि अख्खा डबा हसला.

हे मिशाळ गृहस्थ म्हणजे हिंदुराव साळोखे. मूळचे कोल्हापूरचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले ते जयपूरच्या छावणीतून, आणि पुढे तिथल्याच झोटवाडा भागातल्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून राहिले. कोल्हापूरचा माणूस कुठेही जाऊन राहील, पण फुटबॉलवाचून त्याला करमायचे नाही. हिंदुरावांनी रेल्वेच्या वसाहतीतले खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे मदतनीस, आणि फिटर जमवले, कारखान्यातले कामगार जमवले आणि ‘झोटवाडा मित्र फुटबॉल क्लब’ काढला. वसाहतीच्या मागे एक मोकळे मैदान होते. त्यातले दगड या लोकांनी स्वतः वेचले, बाभळीची झुडपे खणून काढली आणि चुन्याच्या रेषा मारल्या. फाटकाजवळ जुन्या रुळाचा एक तुकडा उभा पुरला आणि त्याच्या टोकाला मला बांधले. माझे तोंड मैदानाकडे होते. माझ्याखाली एक टेबल, त्यावर माइक आणि बाजूला गुण लिहायचा काळा फळा. लोक माझ्या आणि मैदानाच्या मधल्या उतारावर बसत. म्हणजे त्यांच्या पाठी माझ्याकडे असत आणि तोंडे खेळाकडे. ही मांडणी नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

माइकवर बोलायला एक माणूस लागतो. हिंदुरावांनी पंडित गजभिये यांना पकडले. पंडितभाऊ वॅगन दुरुस्तीच्या खात्यात फिटर होते, नागपूरजवळच्या कामठीचे. आवाज खणखणीत, पण पहिल्या दिवशी माइक समोर येताच ते पार गोंधळले. कागदावर अकरा नावे लिहिली होती, ती काही केल्या त्यांना दिसेनात. खात्यात माणसे एकमेकांना गावावरून ओळखत, म्हणून त्यांनी नावाला गाव जोडून आठवून आठवून यादी म्हटली. “रमजान, फुलेरा. श्योजीराम, बांदीकुई.” बांदीकुई म्हटल्याबरोबर उतारावरचा एक म्हातारा खलाशी ताडकन उभा राहिला. त्याचे गाव बांदीकुई. आपल्या गावाचे नाव एवढ्या मोठ्या आवाजात त्याने जन्मात कधी ऐकले नव्हते. तो दोन्ही हात वर करून उभाच राहिला, आणि मागच्यांनी ओरडून ओरडून त्याला खाली बसवले.

त्या दिवसापासून हा आमच्या मैदानाचा रिवाज झाला. गोल झाला की आधी खेळाडूचे नाव आणि लगेच त्याचे गाव. मोठा बचाव झाला तरी तसेच. त्या वसाहतीत जयपूरचे असे फार थोडे होते. बदली झाली म्हणून आलेले, पोटासाठी आलेले, सगळे कुठून कुठून आलेले. रविवारी दुपारी ही माणसे आपल्या गावाचे नाव ऐकायला मैदानावर येत. संघात आपल्या गावचा कोणी नसेल तर हिंदुरावांच्या मागे लागत, म्हणत, आमच्याकडचा एखादा घ्या की. मी झोटवाड्याच्या फाटकापर्यंत ऐकू जात असे. आदर्श नगरहून लोक सायकली मारत यायचे आणि उशीर झालाच तर माझ्या आवाजावरून कोण जिंकते आहे ते ओळखायचे. मोठ्या सामन्याला पाचशे-सहाशे माणूस सहज जमे. सांगानेरचा संघ आला की वसाहतीच्या कुंपणावर पाय ठेवायला जागा उरत नसे. मी सुद्धा फुगून जायचो. मला वाटायचे, ही सगळी माझ्यासाठीच आली आहेत.

उत्तम सपकाळे या संघात आला तो अठ्ठ्याहत्तर साली. भुसावळजवळच्या वरणगावचा. खलाशी म्हणून बदलीवर आलेला, बुटका, सावळा, कमी बोलणारा. गोलरक्षक बुटका पाहून लोक हसले. हिंदुराव म्हणाले, जरा धीर धरा. पुढच्या सात वर्षांत उत्तमने काय काय अडवले त्याची यादी द्यायला बसलो तर हे गोदाम पुरणार नाही. “उत्तम सपकाळे, वरणगाव,” असे पंडितभाऊ म्हणाले की तो हात वर करी, एकच हात, आणि लगेच खाली घेई. फार दाखवलेले त्याला आवडत नसे. पण ते नाव ऐकायला तो आवडीने थांबे. चेंडू पुढे मारायच्या आधी तो अर्धा श्वास थांबायचा, हे मी वरून पाहिले आहे.

मग काळ बदलला. असे म्हणून सगळा दोष काळावर टाकायची सोय असते, पण थोडा दोष आमचाही होता. उतारावर आम्ही कधी सावलीची सोय केली नाही. बायकांना बसायला जागा केली नाही. पाण्याचा एकच माठ, आणि तोही मध्यंतरात रिकामा. तरी लोक येत होते, म्हणून आम्ही समजलो की येतच राहतील. ब्याऐंशी साली वसाहतीत गार्डसाहेबांच्या क्वार्टरमध्ये पहिला टीव्ही आला. रविवारी संध्याकाळी त्यावर सिनेमा लागे, म्हणून लोक मध्यंतरानंतर हळूच उठू लागले. त्र्याऐंशी साली देशाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आणि त्यानंतर तर पोरे आमच्याच मैदानाच्या कोपऱ्यात विटांचे स्टंप लावून क्रिकेट खेळू लागली. पाचशेचे दोनशे झाले, दोनशेचे साठ. एका रविवारी हिंदुरावांनी उभे राहून बोटाने माणसे मोजली. तेवीस भरली. त्यांत दोन शेंगदाणेवाले होते.

मैदान रेल्वेच्या वसाहतीचे होते आणि वसाहत समितीला तिथे लग्नकार्यासाठी मोठा सभागृह-मंडप उभारायचा होता. त्यात काही वावगे नव्हते, लग्नाला जागा लागतेच. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर समितीचे माथुर साहेब हिंदुरावांना भेटले. चांगला माणूस होता, बोलणे मऊ. त्यांनी सांगितले की रिकामे मैदान राखून ठेवायला समितीकडे आता काही कारण उरलेले नाही. तरी जानेवारीतल्या सांगानेरच्या सामन्याला ते स्वतः येतील. शंभर माणसे खेळ पाहताना दिसली, तर पुढची पाच वर्षे मैदान क्लबचे. नाहीतर मंडप.

ही गोष्ट सगळ्यांत जास्त लागली ती पंडितभाऊंना. त्यांची दोन्ही मुले हिंदीत बोलत, मराठीत विचारले तर मतलब, मतलब करत अडखळत. कामठीला त्यांचे आता कोणी उरले नव्हते. त्यांच्या गावाचे नाव मोठ्याने घेतले जाईल अशी त्यांच्या आयुष्यातली एकच जागा होती, ती म्हणजे मी. बाहेरच्या संघाशी सामना असला की सगळ्यात शेवटी ते स्वतःचेही नाव सांगत, निवेदक पंडित गजभिये, कामठी. हे संपले तर आपण या शहरात नुसते एक फिटर, असे ते सुलोचनावहिनींना म्हणाल्याचे मी ऐकले होते. वहिनी त्यांच्या पत्नी. त्या दर सामन्याला पहिल्या ओळीत बसत आणि नवऱ्याने एखादे नाव चुकवले तर मागे वळून डोळे वटारत.

आता आमची चूक. सुरुवात अगदी साधी होती. डिसेंबरात एका रविवारी भारताचा क्रिकेटचा सामना चालू होता. मध्यंतरात दोघे-तिघे उठून चालले, तेव्हा पंडितभाऊंनी टेबलाखालून आपला ट्रान्झिस्टर काढला, कानाला लावला आणि माइकवर सांगितले, भारताचे इतके इतके झाले. जाणारे थांबले. एवढेच. पुढच्या रविवारी त्यांनी दर दहा मिनिटांनी धावा सांगितल्या. त्या दिवशी चाळीस माणसे होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी ट्रान्झिस्टर सरळ विटेवर ठेवून माइकसमोर लावला आणि आकाशवाणीचे हिंदी समालोचन माझ्या तोंडून वसाहतभर गेले. सत्तर माणसे आली. चहाच्या टपरीवरचे आले, पत्त्यांचा अड्डा उठून आला. गोल झाला की पंडितभाऊ ट्रान्झिस्टरवर हात ठेवून नाव आणि गाव सांगत, मग हात काढून घेत. पुढे पुढे लोक हात ठेवला की ओरडायला लागले. मग त्यांनी गाव गाळले. मग नुसता गोल झाला एवढेच सांगू लागले.

हिंदुरावांना हे पहिल्यापासून रुचले नाही. ते एकदा टेबलाजवळ येऊन म्हणाले, “अरं पंडित, ही माणसं बघाय आल्यात का ऐकाय?”

पंडितभाऊ म्हणाले, “येऊन तर राहिले ना, दादा. आधी येऊ द्या. मंग पाहतीन.”

हिंदुरावांनी ट्रान्झिस्टर चालू राहू दिला, कारण त्यांनाही मैदान हवे होते. आणि मित्रांनो, मी? मी खूश होतो. खोटे कशाला सांगू! किती दिवसांनी माझ्यासमोर गर्दी होती. माझ्या तोंडून काय जाते आहे याचा मी विचारच केला नाही. कर्ण्याचे काम ओरडण्याचे, विचार करण्याचे नाही, अशी मी माझी समजूत घातली. ही समजूत फार सोयीची असते.

जानेवारी पंच्याऐंशी. तो रविवार उजाडला. दूर दक्षिणेत भारताचा एकदिवसीय सामना आणि इकडे सांगानेरशी आमचा. पंडितभाऊंनी दुपारी एकपासूनच समालोचन सोडले. लोक नुसते लोटले. दीडशेच्या घरात माणूस जमला. पण मागे बसलेल्यांना धावा किती, गडी किती बाद, ते नीट कळेना. कोणीतरी म्हणाले, फळ्यावर लिहा की. पंडितभाऊंनी क्षणभर विचार केला असेल, नसेल. त्यांनी फळ्यावरचे ‘झोटवाडा – सांगानेर’ बाहीने पुसले आणि खडूने क्रिकेटच्या धावा लिहिल्या.

फळा माझ्याखाली होता. तो वाचायचा तर मागे वळावे लागे. आधी पहिली रांग वळली, मग दुसरी. पाहता पाहता सगळा उतार माझ्याकडे तोंड करून बसला. दर षटकाला पंडितभाऊ आकडे बदलत आणि लोक वाद घालत. एकट्या सुलोचनावहिनी मैदानाकडे बघत होत्या, पण त्या पोरांना पाणी पाजायला म्हणून माठाकडे गेल्या आणि गर्दीत अडकल्या. आमचा रमजान एक गोल करून गेला. कोणाला पत्ता नाही.

साडेतीनला माथुर साहेब आले. फाटकातून आत येऊन गर्दी पाहताच त्यांच्या भुवया वर गेल्या. पंडितभाऊंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, पण ती होती पलीकडच्या रेषेजवळ, हिंदुरावांच्या शेजारी. साहेब तिथे जाऊन बसले. पंडितभाऊंचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही त्यांच्यावर रागावता आले नसते. त्यांना वाटले, मैदान वाचले.

खेळ संपायला दहा मिनिटे असताना आमच्या माणसाने सांगानेरच्या एकाला गोलाच्या तोंडाशी पाडले. पंचांनी शिटी वाजवून पेनल्टी दिली. सांगानेरचा एक उंच गडी चेंडू ठेवून मागे गेला. उत्तमने हाताला गुंडाळलेल्या पट्ट्या दातांनी घट्ट केल्या, गुडघे वाकवले आणि उभा राहिला. मी हे सगळे पाहत होतो. माझे तोंड मैदानाकडे होते, ते दुसरीकडे कुठे वळणार?

चेंडू जमिनीलगत डाव्या कोपऱ्यात गेला. उत्तम आधीच उजवीकडे झुकला होता. कसा कोण जाणे, हवेतल्या हवेत त्याने अंग फिरवले आणि डाव्या हाताची दोन बोटे चेंडूला लागली. चेंडू खांबावर आपटून परत आला आणि समोरचा गडी धावत असतानाच उत्तमने त्यावर छाती टाकली. पंधरा वर्षांत मी तसा बचाव पाहिला नव्हता.

आणि त्याच क्षणी तिकडे दक्षिणेत कुणाची तरी दांडी उडाली. समालोचक किंचाळला, मी किंचाळलो आणि दीडशे माणसे उड्या मारत उठली. टोप्या वर गेल्या, शिट्ट्या झाल्या.

उत्तम चेंडू छातीशी धरून उठत होता. त्याने तो आवाज ऐकला. इतका मोठा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्याला वाटले, तो त्याच्यासाठी आहे. तो हसला. त्याने एक हात वर केला. नेहमी लगेच खाली घेणारा हा माणूस, त्या दिवशी त्याने हात तसाच वर धरून ठेवला आणि लोकांकडे वळला. त्याला दीडशे पाठी दिसल्या.

त्याचा हात हळूहळू खाली आला. मग त्याने त्याच हाताने चड्डीवरची माती झटकली, जणू काही त्यासाठीच तो वर गेला होता.

पलीकडच्या रेषेवर माथुर साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोन टाळ्या झाल्या, तिसरी अर्धी. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि हात खिशात घातले.

आम्ही एक-शून्य जिंकलो. खेळाडू नेहमीसारखे टेबलाजवळ आले नाहीत. उत्तम एकटा आला. ट्रान्झिस्टर चालूच होता. त्याने फळ्यावरचे आकडे वाचले आणि तो म्हणाला, “आपला स्कोर कुठे लिहिला आहे, भाऊ?”

पंडितभाऊ गडबडीने उठले. बाहीने फळा पुसू लागले, खडू शोधू लागले, खडू हातातून पडला. उत्तम म्हणाला, “राहू द्या आता. संपली मॅच.” तो निघून गेला. माझ्या तोंडून तेव्हा कसल्याशा साबणाची जाहिरात चालू होती.

मग साहेब आले. पंडितभाऊंनी हात जोडून विचारले की शंभरपेक्षा जास्त माणसे होती ना. साहेबांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. ते म्हणाले, “लोग बहुत थे, पंडितजी. पर मैच देखने वाला एक मैं ही था, और मैं तो गिनने आया था.”

पंधरा दिवसांत पत्र आले. मंडपाचे काम होळीनंतर सुरू होणार होते. त्याआधी वेळापत्रकातला एक सामना उरला होता, तेवढा खेळायला समितीची हरकत नव्हती.

त्या शेवटच्या सामन्याला पंडितभाऊ ट्रान्झिस्टर न घेता आले. फळा त्यांनी घरून ओल्या फडक्याने धुऊन आणला होता. सतरा माणसे होती. क्रिकेटची गर्दी पुन्हा टपरीवर गेली होती, कारण टपरीवाल्यानेही एव्हाना रेडिओ घेतला होता. उत्तम आला नाही. त्याच्या जागी श्योजीरामचा भाऊ हातमोजे घालून उभा होता. पंडितभाऊंनी अकरा नावे म्हटली, अकरा गावे म्हटली, एकही चुकले नाही. मग थांबले, माइक दोन्ही हातांनी धरला आणि बोलू लागले.

“उत्तम, त्या दिवशी तू पेनल्टी अडवली, ते म्या पाह्यलं नाही. माही पाठ होती तुह्याकडे. सगळ्यायले म्याच वळवलं. माही चूक झाली, बाप्पा. मले माफ कर.”

मी ते जितक्या स्वच्छ नेता येईल तितके नेले. मैदानाच्या उत्तरेला क्वार्टरांची रांग होती, त्यात डावीकडून तिसरे उत्तमचे. मागची खिडकी उघडी होती आणि त्याची बायको द्वारका तिथे भाजी निवडत बसली होती. तिने सगळे ऐकले. मग ती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. आपटली नाही, नुसती लावली.

हिंदुराव टेबलाजवळ आले आणि त्यांनी माइकचे बटण बंद केले. “पंडित,” ते म्हणाले, “ह्ये भोंग्यावरनं सांगायचं नव्हं रं. त्येच्या दारात जाऊन सांग.”

पंडितभाऊ उठले. सामना चालू असतानाच मैदानाच्या कडेकडेने चालत गेले, क्वार्टरांना वळसा घालून पुढच्या बाजूला दिसेनासे झाले. दारात काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, कारण तिथे मला नेणारे कोणी नव्हते. ते परतले तेव्हा खेळ संपत आला होता. ते खुर्चीवर बसले, पण माइकला त्यांनी हात लावला नाही. आमच्या संघाने त्या दिवशी दोन गोल केले. ते कोणी केले, कुठल्या गावच्यांनी केले, ते मैदानाने ऐकले नाही. मार्च संपायच्या आत उत्तमने भुसावळला बदली मागून घेतली. तिकडे तो पुन्हा कधी गोलात उभा राहिला नाही, असे नंतर हिंदुरावांच्या बोलण्यात आले.

खेळाडू पांगले. हिंदुराव कोल्हापूरला परत गेले. मंडप उभा राहिला आणि मंडपवाल्याने मला खांबासकट उचलले. काही वर्षे मी वरातींपुढे वाजलो, साड्यांच्या सेलची हाक दिली, हरवलेल्या मुलांची नावे सांगितली. मग पडदा फाटला आणि मी इथे सतरंज्यांवर आलो. इथे कोणी मला झटकत नाही, धूळ पुसत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंडितभाऊंना ठोठावायला एक दार तरी होते. मला पाय नाहीत, म्हणून मी हे तुम्हाला सांगतो आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात असे एखादे मैदान असेल. तिथे कोणी मोठे खेळाडू नसतील. दिवसभर काम करून आलेली, हाताला पट्ट्या बांधलेली साधी माणसे असतील. तुम्ही रोज जा असे मी म्हणत नाही, माणसाला इतरही आवडी असतात आणि क्रिकेटने माझे काही घोडे मारलेले नाही. पण कधी गेलात, तर गर्दी वाढवायला जाऊ नका. खेळ बघायला जा. बसायला सावली नसेल तर एक झाड लावा. आणि कोणी काही चांगले केले, तर त्याचे नाव तेव्हाच घ्या, त्याला ऐकू जाईल असे. नंतर कितीही मोठ्या आवाजात घेतले तरी ते त्याच्यापर्यंत जात नाही, हे मी, त्या मैदानावरचा सर्वांत मोठा आवाज, तुम्हाला सांगतो.

त्या दुपारी दीडशे माणसांनी पाठ फिरवली होती, त्यांनी बचाव पाहिला नाही, म्हणून त्यांना क्षमा आहे. माझी पाठ नव्हती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पाहिले, आणि पाहत असतानाच दुसऱ्याच्या नावाने ओरडलो.